वाइन द्राक्ष : छाटणी पुढे ढकलायची की वाणच बदलायचं?

दिंडोरीचा_मळा :
परतीचा पाऊस लांबायला लागल्यापासून नाशिकमध्ये गोडी छाटणी (पावसाळ्यानंतर घडांसाठी करतात ती) उशिरा घ्यायचा सल्ला सगळेच देतात. डाऊनी (बुरशीचा रोग) टळते, कबूल. पण मग माल मार्चच्या उन्हात तयार होतो. शुगर झपाट्याने चढते, आम्ल घसरतं, साल आणि बी मात्र कच्चीच राहते. अशा शिराझ द्राक्षाच्या वाइनला अल्कोहोल भरपूर, पण रंग फिका आणि चव बोथट. टाकीत टार्टारिक आम्ल घालून पीएच सावरतो, गेलेला ताजेपणा येत नाही. म्हणून माझं मत, तारखा हलवणं पुरे, उष्णता सोसणारी वाणं लावा. फ्रान्समधल्या बोर्दोनेसुद्धा २०२१ मध्ये तुरिगा नॅसिओनाल या पोर्तुगीज वाणासह सहा नवी वाणं स्वीकारली.

निफाडकर :
अजिबात पटलं नाही. बोर्दोत त्या वाणांना क्षेत्राच्या ५ टक्के आणि मिश्रणात १० टक्के एवढीच मर्यादा आहे. इथे चालू बाग तोडून नवीन लावायची तर माल येईपर्यंत हप्ते कोण भरणार?
आणि आमचं खरं दुखणं पाऊस आहे. २६ नोव्हेंबर २०२३ ला गारपीट झाली, तेव्हा गारेने वाण विचारलं नाही. २०२५ मध्ये तर मे महिन्यातच पावसाने गाठलं. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमारास नवी काडी येण्यासाठी करतात ती) काडीत घड तयार व्हायला ऊन लागतं, ते मिळालंच नाही. ऑक्टोबरात डोळे फुटले तेव्हा कित्येक काड्यांवर घडाच्या जागी नुसत्या बाळ्या (वेलीचे ताणे). आधी प्लास्टिक आच्छादनाला भरीव अनुदान द्या, वाणाचं नंतर बघू.

ओझरची_वेल :
आच्छादनाचा खर्च निर्यातीच्या थॉमसनला (खायच्या द्राक्षाला) झेपेल. वाइनच्या मालाला तेवढा भाव कुठे मिळतो?

दिंडोरीचा_मळा :
@निफाडकर, पावसाबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण आच्छादनाने रात्रीचा उकाडा कमी होत नाही. मणी पिकताना रात्री गार असल्या तर मॅलिक आम्ल टिकतं, उकाड्यात ते मण्यातच जळून जातं. वाइनचा दर्जा तिथेच घसरतो. सगळी बाग तोडा असं मी म्हणत नाही, एक कोपरा नव्या वाणाला द्या. आणि वाइनरींनी करारात नुसत्या ब्रिक्सवर (रसातल्या साखरेच्या मापावर) भाव न ठरवता आम्लही मोजावं.

निफाडकर :
कोपरा देऊ, पण रोपं आणि पहिल्या मालाची हमी वाइनरीने लेखी द्यावी. आम्ल मोजणार असाल तर अवकाळीत माल फुटला की नुकसान कोणी किती सोसायचं, तेही त्याच कागदावर आलं पाहिजे.