मलावीला निघालेल्या लेकीसाठी
निपाणीच्या ताई, आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या खेड्यातल्या दवाखान्यात सेवेला निघालेली तुमची लेक तिथं रुळेल का, ही काळजी मला कळते. मी तिथं नर्स म्हणून राहून आलेय. हिवतापाच्या गोळ्या निघण्याआधीच सुरू करायला लावा. तिथला पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा मुलांचा वॉर्ड तापाच्या पोरांनी भरून जातो. रुग्णाचं जेवण, धुणं नातेवाईकच बघतात. आवारात चुली पेटवून मक्याच्या पिठाचा न्सिमा घोटतात. त्या बायकांजवळ तिला रोज बसू दे. आपण खानापुरात बाजार करता करता कन्नड शिकलो, तशी तिथली चिचेवा भाषा तिथंच जिभेवर बसते. इंग्रजी कागदोपत्री चालतं, घाबरलेल्या आईला धीर द्यायला पुरत नाही. आणि हो, तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय तिकीट काढू नका.