खुबा, कंबर की जांघ?

प्रश्न : आजी पडली. कागदावर ‘हिप फ्रॅक्चर’ लिहिलंय. घरात कोणी ‘कंबर मोडली’ म्हणतं, कोणी ‘मांडीचं हाड’, तर आई ‘खुबा’. नेमका शब्द कोणता?

– आईंचा. कंबर त्याच्या वर असते. कमरेत उसण भरते ती पाठीच्या खालच्या भागात. खुबा हा मांडीच्या हाडाचा आणि ओटीपोटाच्या हाडाचा सांधा. शाळेत शिकलेला ‘उखळीचा सांधा’ तो हाच, खांद्यासारखा. फक्त खुब्याची खोबण बरीच खोल, म्हणून खांदा जितका सहज निखळतो तितका खुबा निखळत नाही. ‘मांडीचं हाड’ म्हणणाऱ्यांचंही खरंच आहे. म्हातारपणी पडल्यावर बहुधा मोडते ती त्या हाडाची मान किंवा तिच्या लगतचा भाग.

– पण आमच्याकडे खुबा म्हणजे कुशीवर झोपलं की गादीला टेकतं ते बाजूचं हाड.

– तेही मांडीच्याच हाडाचं वरचं टोक, बाहेरच्या अंगाला आलेलं. सांधा आत, जांघेच्या मागे खोलवर असतो. म्हणूनच खुबा झिजला की दुखतं बहुतेकदा जांघेत, कधी तर थेट गुडघ्यात. माणूस गुडघ्याला तेल चोळत बसतो आणि दुखणं वरचं असतं. डॉक्टरांना ‘कंबर दुखते’ एवढंच सांगू नका, बोट ठेवून दाखवा.

– ‘जांघ’ जपून वापरा. संस्कृतात ‘जंघा’ म्हणजे गुडघ्याखालचा पाय, नडगी-पोटरीचा भाग. हिंदीत ‘जाँघ’ म्हणजे मांडी. मराठीत मात्र मांडी जिथे पोटाला मिळते ती घडी. पायाला जखम झाली की अवधाण येतं ते इथेच. आपल्या वैद्यकीय परिभाषेत नडगीचं हाड ‘अंतर्जंघास्थी’ आहे, तिथे संस्कृत अर्थ टिकलाय. वाचणारा मराठी माणूस ते हाड जांघेत शोधणार, यात त्याचा काय दोष? ‘नडगीचं हाड’ लिहावं, सगळ्यांना कळतं.

प्रश्नकर्ता : आजीला पुन्हा मांडी घालता येईल का? तिची पूजा खाली बसूनच असते.

– मांडी घालताना मांडी बाहेर वळते ती खुब्यात; गुडघा मुख्यतः दुमडतो. कृत्रिम सांधा बसवला असेल तर निदान सुरुवातीला मांडी घालणं बहुतेकदा बंद असतं. नुसते स्क्रू असतील तर हाड जुळण्यावर आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनाच विचारा, आणि तोवर देव चौरंगावर, आजी खुर्चीवर.