विशनसरला ट्राउटसाठी तळ टाकताना: अनुभव धागा

तळेकाठ
माळ्यावरून फ्लाय-फिशिंगच्या (कृत्रिम किड्याच्या गळाने मासेमारी) रॉडची नळी खाली काढली आणि काश्मीरमधलं विशनसर तळं आठवलं. आपल्या ग्रुपातली नवी मंडळी यंदा सोनमर्गवरून वर जातायत, त्यांच्यासाठी धागा. बारीकसारीक लिहा, तेच कामाचं असतं.

रॉड ९ फुटी, ५ वेट (म्हणजे ५ नंबरच्या वजनाच्या लाइनसाठी), चार तुकड्यांचा. तरंगती लाइन, तिच्या पुढे निमुळता होत जाणारा पारदर्शक दोरा म्हणजे ९ फुटी लीडर, आणि त्याच्या टोकाचा बारीक दोरा म्हणजे टिपेट, ४एक्स आणि ५एक्स जाडीचं (०.१८ आणि ०.१५ मिमी). नदीत वाहतं पाणी ट्राउटच्या तोंडाशी खाणं आणून देतं. तळ्यात त्यालाच फिरावं लागतं, म्हणून तो काठाकाठाने गस्त घालतो. दिसला की त्याच्या अंगावर टाकू नका. त्याच्या वाटेत दोन-तीन मीटर पुढे निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखा बुडणारा फ्लाय) टाकायचा, बुडू द्यायचा आणि मासा जवळ आला की वीतभर ओढायचा. आल्या आल्या गुडघाभर पाण्यात उतरू नका, मासे काठालाच असतात. चार पावलं मागे राहून, वाकून टाका.

सह्यभटक्या
+१. ओढा तळ्यात शिरतो ती जागा आणि उथळ पाणी एकदम गडद होतं ती कड, या दोन्ही सोडू नका.

वारा दुपारी सुटतो. तेव्हा लीडर साडेसात फुटी करा आणि हात आडवा ठेवून खालून टाका. वारा उजवीकडून असेल तर उजव्या हाताने नेहमीसारखं टाकणं धोक्याचं, हूक कानात किंवा डोळ्यात जातो. लाइन डाव्या खांद्यावरून न्या. गॉगल हवाच. टिपेटवर वाऱ्याने गाठ पडली तर सोडवत बसू नका, तेवढा तुकडा कापा. मासा तिथेच तोडतो.

नीलाक्षी_प
फ्लायचं माहीत नाही, पण तिथे भात शिजत नाही हो! ३,७०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर न्या. मसूर चालते, तूरडाळ नको.

तळेकाठ
ताई, अगदी. गॅसचा डबा विमानात चालत नाही, श्रीनगरला घ्यायचा. पक्कड-कात्री चेक-इन बॅगेत.

गळकरी
परवाना आधी. जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाकडून मिळतो, ज्या पाण्याचा आणि ज्या तारखेचा घेतला तेवढाच चालतो. मूळ आधारकार्ड जवळ ठेवा, वाटेत लष्कराच्या चौक्यांवर बघतात. बाहेरचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि तेही सोनमर्गपुरतंच धरा.

हे ब्राउन ट्राउट मूळचे तिथले नव्हेत, १९०० साली स्कॉटलंडहून अंडी आणून वाढवलेले. थंड पाण्यात सावकाश वाढतात, म्हणून सोडून देणंच बरं. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. हात ओले केल्याशिवाय धरू नका, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मागाहून बुरशी धरते. फोटोसाठी एक श्वास रोखा, तो सुटायच्या आत मासा पाण्यात.

किवी_कोल्हापूरकर
न्यूझीलंडहून. इथे फेल्टच्या (नमद्याच्या) तळव्याचे बूट २००८ पासून बंद आहेत, ओल्या फेल्टमधून शेवाळ एका पाण्यातून दुसऱ्यात जातं. तुम्हीही रबरी तळवेच घ्या. जाळं आणि बूट आतपर्यंत सुकवून मगच दुसऱ्या तळ्यावर. बाकी इथे ट्राउट विकायला आणि विकत घ्यायला बंदी आहे, स्वतः धरून खा किंवा कोणी दिला तर!

मीनल_डों
विरळ हवेचं कोणीच लिहिलं नाही?? ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. विशनसरच्या वाटेवरची निचनाई खिंड ४,१०० मीटरच्या आसपास आहे. डोकं दुखून उलटी होत असेल तर वर चढायचं नाही, आराम पडेना तर खाली उतरवा. तोल जायला लागला तर सकाळची वाट बघू नका. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

सह्यभटक्या
@मीनल, बरं झालं लिहिलंस. रॉड घोड्यावर लादू नका कोणी, नळीसकट मोडतो. सॅकला उभा बांधा.

नीलाक्षी_प
मुगाची खिचडी चालेल का? पाच जणांना केवढा कुकर?

तळेकाठ
५ लिटरचा. मूग निघायच्या आधी भिजत घाला, आणि रबराची रिंग एक जास्तीची घ्या.