व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो माझ्या स्क्रिप्टले दिसतच नाहीत, काऊन?

घाटंजीकर:
घाटंजी तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जुना लॅपटॉप, त्यावर उबुंटू लिनक्स. (विंडोज चालू होईस्तोवर गिऱ्हाईक चहा पिऊन परत यायचं.) सध्या पीकविम्याची गर्दी आहे. सातबारा, पासबुक, पेरापत्रक, सगळ्यांचे फोटो लोक व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतात. फोटो 300-400 केबीचा, पोर्टलला पाहिजे 200 च्या आत. एकेक फोटो हातानं लहान करता करता रात्रीचे दहा वाजतात.

म्हणून बॅशमध्ये (टर्मिनलच्या कमांडांची भाषा) प्रत्येक फाइलीवर तेच काम करणारा फॉर लूप लिहिला: फोल्डरमधल्या स्टार डॉट जेपीजी अशा सगळ्या फाइली घे, इमेजमॅजिक या फोटो बदलायच्या प्रोग्रामच्या कन्व्हर्ट कमांडनं अर्ध्या कर, ‘छोटे’ फोल्डरात टाक. माझ्या कॅमेऱ्याचे फोटो झटक्यात होतात. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेल्यांना मात्र स्क्रिप्ट हात लावत नाही. एकाचं शेपूट हातानं बदलून पाहिलं, तर ‘इमेज’ नावाची फाइल नाही, ‘अ‍ॅट’ नावाची फाइल नाही, अशी रड सुरू झाली. अशा नावाची फाइल मी केलीच कुठं?

(फोनवरून मराठी कीबोर्डनं लिहितोय, म्हणून कमांड उच्चारावरून समजून घ्या.)

टर्मिनल_वर्धा:
दोन चुका एकमेकींच्या आड लपल्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅप वेबच्या फोटोचं शेपूट जेपीजी नसून जेपीइजी असतं, म्हणून तुमचा लूप त्यांना ओळखतच नाही. नमुन्यात दोन्ही लिहा. आणि त्या नावात मोकळ्या जागा असतात: व्हॉट्सअ‍ॅप, इमेज, तारीख, अ‍ॅट, वेळ. डॉलर-एफ, म्हणजे लूपमध्ये फाइलीचं नाव जिथं येतं ते, उघडं ठेवलं की शेल (म्हणजे बॅश) प्रत्येक मोकळ्या जागेवर नाव तोडतं आणि एका फाइलीच्या पाच-सहा करतं. डॉलर-एफला दुहेरी अवतरणात घाला, वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे. एकेरी अवतरण नको, त्यात डॉलरचा अर्थच उरत नाही.

‘अर्धं कर’ पण सोडा. सातबाऱ्यावरचे बारीक आकडे जातात. कन्व्हर्टला डिफाइन देऊन जेपीइजी कोलन एक्स्टेंट 190 केबी सांगा, त्या मापात बसेल एवढीच क्वालिटी इमेजमॅजिक स्वतः कमी करतं. इमेजमॅजिकचंच मॉग्रिफाय मात्र वापरू नका, ते मूळ फोटोवरच लिहितं.

बोंडवाला:
भाऊ, पुढच्या पायरीले तू फाइलींची नावं बदलशील, तवा मले आठवजो. मी शेतकऱ्याच्या नावानं फाइली ठेवत होतो. आमच्या गावात एकाच नावाचे दोघं, आडनाव तेच, बापाचं नावही तेच! एमव्ही या नाव बदलायच्या कमांडनं एकाची फाइल दुसऱ्यावर चढवली आन् हूं का चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन पासबुकाचा फोटो पुन्हा काढाव लागला. तवापासून एमव्हीले डॅश-एन लावतो, म्हणजे आधीच असलेल्या फाइलीवर ते चढत नाही.

मंग म्हटलं गट नंबर टाकू नावात. गट 45/2. आता लिनक्समध्ये स्लॅश म्हणजे फोल्डर! ते 45 नावाचं फोल्डर धुंडत बसलं. 7/12 बी नावात चालत नाही. म्या आता 45-2 लिहितो, पुढं आठ-अ चा खाते नंबर.

घाटंजीकर:
वा! अवतरणं घातली, जेपीइजी टाकलं, 38 फोटो चहा गाळून होईपर्यंत झाले. सगळे 200 च्या आत, गट नंबरही वाचता येतो. खाते नंबराचं काम उद्या करतो, आमच्याकडे तर एकाच नावाचे तिघं आहेत.

आणखी एक. लोकांचे आधार-पासबुक माझ्याकडं साचत राहतात, ते बरं वाटत नाही. महिन्यावरचे आपोआप काढायचे तर?

टर्मिनल_वर्धा:
फाइली शोधणाऱ्या फाइंड कमांडला फोल्डर द्या, मग टाइप एफ (फक्त फाइली), मग एमटाइम अधिक 30 (30 दिवसांहून जुन्या), आणि अगदी शेवटी डिलीट. डिलीट आधी लिहिलं तर तारीख न पाहताच अख्खं फोल्डर साफ. आठवडाभर डिलीटच्या जागी प्रिंट लिहून यादी डोळ्यांनी बघा, ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या क्रॉनला त्यानंतरच लावा.

घाटंजीकर:
प्रिंट लावलं. यादीत माझ्या पोराच्या बारशाचे फोटो निघाले, तेही त्याच फोल्डरात पडून होते. आधी ते हलवतो. लाइन जायच्या आत.