व्हेरिएबल भरायला सिलेक्ट नकोच!

धागाकर्ता: एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये व्हेरिएबल (मूल्य तात्पुरतं ठेवायची जागा) भरायला 'सिलेक्ट @सूट = सूट फ्रॉम...' असं लिहिणाऱ्यांचा कीबोर्ड काढून घ्यावा, या मतावर मी आलोय. लूपमध्ये एकेका ग्राहकाची सूट वाचायची आणि बिल काढायचं, एवढंच काम. एका ग्राहकाची सूट टेबलात नव्हतीच. रो (टेबलातली ओळ) मिळाली नाही की सिलेक्ट व्हेरिएबलला हातच लावत नाही. आधीच्याची १५ टक्के सूट तशीच राहिली आणि याच्या बिलात गेली. एरर नाही, वॉर्निंग नाही, दोन दिवस गेले. (लूपच्या आत डिक्लेअर, म्हणजे व्हेरिएबल जाहीर करणारी ओळ, लिहिली म्हणून व्हेरिएबल कोरं होत नाही. मलाही वाटायचं.) 'सेट @सूट = (सिलेक्ट...)' असतं तर नल (म्हणजे मूल्यच नाही) आला असता, आणि दोन रो निघाल्या तर ५१२ नंबरची एरर. सिलेक्ट त्यातली कुठलीतरी एक ठेवून गप्प बसतं.

रोमोजणी: साफ असहमत. किंमत, कर, साठा अशी तीन व्हेरिएबलं सिलेक्ट एका वाचनात भरतं. सेटने तीनदा वाचा, आणि मध्येच कुणी अपडेट मारला तर किंमत जुनी, कर नवा. शिवाय नल आला म्हणजे रो नव्हती, की होती पण कॉलम रिकामा? सेटनंतर @@रोकाउंट (आधीच्या कमांडच्या रोंची मोजणी) बघा, कायम १. सिलेक्टनंतर खरा आकडा मिळतो. तो तपासायचा आळस तुमचा.

धागाकर्ता: तपासायचा तर लगेच पुढच्याच ओळीत. मध्ये एक सेट घुसला की आकडा गेला.

ओरॅकलवाला: आमच्याकडे ओरॅकल डेटाबेसमध्ये व्हेरिएबल भरणाऱ्या सिलेक्ट इंटूला रो नसली तर 'नो डेटा फाउंड' एरर, जास्त असल्या तर 'टू मेनी रोज'. वाद मिटला. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये त्यासाठी स्ट्रिक्ट लिहावं लागतं, नाहीतर पहिली हाताला लागेल ती रो.

रोमोजणी: मिटला कुठे? तेच सिलेक्ट इंटू फंक्शनमध्ये टाका आणि ते फंक्शन क्वेरीतून कॉल करा. 'नो डेटा फाउंड' गुपचूप गिळला जातो, कॉलममध्ये नल.

ओरॅकलवाला: हे मात्र खरं. पोळलोय.

जॉइनप्रेमी: मुळात लूप कशाला? संगणकशास्त्रज्ञ कॉडने १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल (या टेबलांमागची कल्पना) मांडलं ते संचांच्या भाषेत, एकेक रो उचलायला नाही. सूट टेबल लेफ्ट जॉइन करा (सूट नसली तरी ग्राहक यादीत राहतो, सूट नल येते), नलला कोअलेस लावून शून्य करा. व्हेरिएबलच उरत नाही.

धागाकर्ता: बिल काढणारी प्रोसिजर एका वेळी एकच ग्राहक घेते, आणि ती माझ्या ताब्यात नाही. तूर्त लूपच्या सुरुवातीला 'सेट @सूट = नल' टाकलंय. खाली सिलेक्ट आहे तसंच आहे, हसू नका.