'नागरी' की 'मुलकी'?

पोवईनाका: स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी राज्यघटनेच्या नोट्स मराठीत करतोय. 'सिव्हिलियन कंट्रोल'ला मी 'लष्करावरील नागरी नियंत्रण' लिहिलं. वडिलांनी (निवृत्त सुभेदार) चष्मा कपाळावर सरकवला, "नागरी म्हंजे? नागरी पतसंस्थेचं?" त्यांच्या मते 'मुलकी'. क्लासात 'मुलकी' म्हणालो तर एकानं विचारलं, "सर, महसूल खात्याचं का?" काय ठेवू?

अजिंक्यतारा: वडील बरोबर. मुलकी-लष्करी ही जोडी जुनी आहे. 'नागरी'त घोळ असा की जवानही नागरिकच, मतदान करतो. कलम ३३ खाली संसद त्याचे मूलभूत हक्क आवळू शकते, नागरिकत्व नाही काढून घेत.

हळदबाजार: 'मुलकी' अरबीतून आलेला, 'लष्कर' फारसीतून. महाराजांनी राज्यव्यवहारकोश कशाला करून घेतला मग? 'जनसत्ताधीन सेना' म्हणा.

पोवईनाका: ते फळ्यावर लिहीपर्यंत तास संपेल हो.

कंदीपेढा: शब्दापेक्षा अर्थ बघा. कलम ५३ प्रमाणे संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, पण ते वापरायचं कायद्यानं, आणि कलम ७४ मुळे मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. १९५५ साली 'कमांडर-इन-चीफ' हे पदनामच मोडीत काढून लष्करप्रमुख 'चीफ ऑफ आर्मी स्टाफ' झाले, ते उगाच नाही. १९६२ साली आपले देवराष्ट्रे गावचे यशवंतराव संरक्षणमंत्री झाले, त्यांनी कुठं वर्दी घातली होती? सरळ 'लोकनियुक्त नियंत्रण' लिहा.

अजिंक्यतारा: आणि संरक्षण सचिव? तो कुठल्या मतदारसंघातून आला? 'मुलकी'त मंत्री नि सचिव दोघंही बसतात.

हळदबाजार: मुळात हा भेदच आपला नव्हे. अष्टप्रधानांत न्यायाधीश आणि पंडितराव सोडून बाकी सगळ्यांना मोहिमेवर जावं लागे. पेशवा मुलकी की लष्करी, सांगा बघू.

कंदीपेढा: १७३१ ला डभईच्या लढाईत बाजीरावाच्या फौजेशी लढताना सेनापती दाभाडे पडले. घ्या तुमचं मुलकी नियंत्रण!

अजिंक्यतारा: सातारच्या गादीला विचारून का? विषय कुठं चाललाय.

शाहूपुरी: आमच्याकडं 'सिव्हिल' म्हणजे फक्त दवाखाना. भाऊ सुट्टीवर आला होता. आई शेजारणीला म्हणाली, "महिनाभर सिव्हिलमधेच आहे." म्हणजे साध्या कपड्यांत. संध्याकाळी ती बाई डबा घेऊन दारात, "कुठल्या वॉर्डात ठेवलंय?" भाऊ पुढं होऊन म्हणाला, "काकू, द्या इकडं." पिठलं झकास होतं.

हळदबाजार: पोवईनाका, वडिलांना सांगा, 'सुभेदार' हाच मूळचा मुलकी शब्द. सुभ्याचा कारभार नि वसुली बघायचा तो.

पोवईनाका: वाचून दाखवलं. आधी गप्प बसले. मग म्हणाले, "बरं. हवालदाराचं काय, ते विचार." नोट्स उद्या झेरॉक्सला द्यायच्यात. तूर्त 'सिव्हिलियन' तसंच ठेवलंय.

हळदबाजार: हवालदार गडावरचा. पण थांबा, 'हवाला' मुळात...