पाच स्टार द्या, दीडशे रुपये घ्या: तुम्ही घेता का?

तिरकी रेघ (धागाकर्ता)

परवा ऑनलाइन मागवलेली विजेची किटली आली. खोक्यात किटली, वॉरंटीचा कागद आणि सोनेरी कडांचं एक कार्ड. त्यावर छापलेलं: पाच स्टार द्या, फोटो टाका, स्क्रीनशॉट या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवा, दीडशे रुपये यूपीआयने मिळवा. खाली बारीक अक्षरांत: काही तक्रार असल्यास कृपया कमी स्टार देऊ नका, आधी आम्हाला फोन करा.

यावरून घरात दोन तट पडले. बायकोचं म्हणणं, किटली चांगली आहे, पाच स्टार तसेही दिले असते, मग दीडशे रुपये का सोडायचे? मला वरच्या ओळीपेक्षा खालची बारीक अक्षरं जास्त खटकली. ज्याची किटली चांगली निघाली तो सगळ्यांसमोर लिहिणार, ज्याची गळली तो व्हॉट्सअ‍ॅपवर भांडणार आणि ते भांडण कुणालाच दिसणार नाही. मग सरासरी ४.४ दिसते ती किटलीची की कार्डाची?

माझ्या लेखी ही पुढच्या गिऱ्हाइकाला अंधारात ठेवायची मजुरी आहे आणि ती माझ्याकडून करून घेतली जातेय. दीडशे रुपये किमतीत धरलेलेच असणार, म्हणजे मजुरीही त्याच्याच खिशातून.

मतं येऊ द्या. फक्त "सगळेच करतात" सोडून बोला.

आळशी मांजर

"सगळेच करतात" सोडलं तर चर्चेला उरतं काय? :)

चादरवाला सोलापूरकर

मी करतो, म्हणून बोलतो. चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकतो. माझ्या पाकिटातही कार्ड असतं. दीडशे नाही परवडत, पन्नास देतो.

धागाकर्त्यांनी गिऱ्हाइकाची बाजू मांडली, आता विकणाऱ्याची ऐका. चादर आवडली तो माणूस ती अंथरून झोपतो. तो कशाला लिहायला येतोय? लिहितो कोण, तर कुरिअरवाला दोन दिवस उशिरा आला म्हणून चादरीला एक स्टार देणारा. "फोटोत गडद निळा होता, आला तो जरा कमी गडद" म्हणून दोन स्टार देणारा. एकाने तर "अजून वापरली नाही" असं लिहून तीन दिलेत. नवीन मालाला पहिल्या आठवड्यात असा एक स्टार पडला की तो शोधात खाली जातो आणि मग कुणाला दिसतच नाही.

वर कमिशन, पाठवणावळ, आणि न घेता परत आलेल्या मालाचा भुर्दंड. मोठा ब्रँड जाहिरातीला पैसे ओततो, ते चालतं. माझं पन्नास रुपयांचं कार्ड तेवढं पाप. चादर वाईट असती तर पन्नास रुपयांसाठी कुणी पाच स्टार दिले असते का हो?

वहीखाते

चादरवाले बरोबर बोलतायत असं सांगणारा अभ्यासही आहे. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमधली रेस्टॉरंटं आणि येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवरचे त्यांचे स्टार ताडून पाहिले. एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं असं निघालं. गंमत म्हणजे हा परिणाम स्वतंत्र, छोट्या रेस्टॉरंटांवरच दिसला. साखळीवाल्यांना फरक पडला नाही, कारण त्यांचं नाव लोकांना आधीच माहीत. म्हणजे स्टारची गरज छोट्यालाच जास्त.

तिरकी रेघ

@वहीखाते, म्हणजे स्टार विकत घ्यायचा मोहही छोट्यालाच जास्त. आणि त्याने घेतला की मार बसतो तो न घेणाऱ्या दुसऱ्या छोट्याला. सोलापुरात कार्ड न घालणारा एखादा चादरवाला असेलच की. त्याचं काय?

@चादरवाला, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो, दिले असते. वाईट चादरीला नाही, पण बऱ्यापैकी चादरीला नक्की. साडेतीनवाली चादर पन्नास रुपयांत पाचवाली होते. खरा घोळ त्या मधल्या मालात आहे. भंगार माल कसाही उघडा पडतो.

कलम कसाई

कायद्याचं थोडक्यात, कारण कुणीतरी विचारणारच.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालावर रिव्ह्यू लिहिणं मना आहे. पण इथे लिहिणारा खराखुरा ग्राहक आहे, फक्त त्याच्या हातात पैसे ठेवलेत. त्या वाक्यात तो सरळ सापडत नाही. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आलं, खास ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी. लिहिणाऱ्याची खातरजमा करा, विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नका, असा त्याचा रोख. पण आलं ते ऐच्छिक म्हणून. ते सक्तीचं करायच्या हालचाली २०२४ मध्ये झाल्या.

तेव्हा "गुन्हा आहे का" यापेक्षा "प्लॅटफॉर्मच्या नियमात बसतं का" हे विचारलेलं बरं. तिथे उत्तर स्पष्ट आहे: नाही बसत. अ‍ॅमेझॉनने ऑक्टोबर २०१६ मध्येच बक्षिसाच्या बदल्यातले रिव्ह्यू बंद केले. गूगल मॅप्सलाही चालत नाही. त्यामुळे "रिव्ह्यू दाखवा, गुलाबजाम फुकट" अशी पाटी टेबलावर ठेवणारी हॉटेलंसुद्धा नियम मोडतायत.

आळशी मांजर

गुलाबजामला हात लावायचं काम नाही. तो रिव्ह्यू मनापासून असतो.

नाना न्यूजर्सीवाले

आमच्याकडे हा तमाशा होऊन गेलाय. २०२१ मध्ये रॅव्हपॉवरच्या पॉवर बँकेच्या खोक्यात ३५ डॉलरच्या गिफ्ट कार्डाचं आमिष निघालं. वॉल स्ट्रीट जर्नलच्या बातमीदार बाईंनी ते छापलं आणि अ‍ॅमेझॉनने ब्रँडच काढून टाकला. त्याच वर्षी नियम मोडल्याबद्दल ६०० हून जास्त चिनी ब्रँड बंद केल्याचं कंपनीने सांगितलं. बरं, त्यातल्या काहींचा माल खरंच चांगला होता. चांगला माल विकणाऱ्यालाही कार्ड घालावं लागतं, कारण शेजारचा घालतो.

ऑक्टोबर २०२४ पासून फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियमच लागू आहे. रिव्ह्यू चांगलाच किंवा वाईटच लिहा अशी अट घालून मोबदला दिलात, तर प्रत्येक उल्लंघनाला ५० हजार डॉलरच्या वर दंड होऊ शकतो. शब्द नीट वाचा. मोबदल्यावर सरसकट बंदी नाही, बंदी अटीवर आहे. "काय वाटलं ते लिहा, पाच डॉलर घ्या" हे त्या कलमात येत नाही, फक्त पैसे घेतल्याचं लपवायचं नाही.

पुढची गल्ली

मी घेतो पैसे. बिनधास्त. पाच स्टार देतो आणि मजकुरात खरं लिहितो. मिक्सरला पाच स्टार आणि खाली "आवाज असा की शेजारच्यांना चटणी कळते". विक्रेत्याने स्क्रीनशॉट बघितला, पैसे पाठवले. त्याला फक्त स्टार मोजायचे होते. वाचणाऱ्याला खरं कळलं, मला शंभर रुपये मिळाले. कुणाचं वाईट झालं?

तिरकी रेघ

शेजारच्यांना चटणी कळते, हाहा! पण तुमचा मजकूर वाचतं कोण? सरासरीत तुमचे पाच पडले, मिक्सर शोधात वर सरकला. चटणीवालं वाक्य कुठल्या कुठे खाली गेलं.

सुमन आजी

मुलांनो, माझं वेगळंच सांगते. आमच्यासारख्यांना गावात दुकान नाही, असलं तर एकच. रक्तदाब मोजायचं मशीन घ्यायचं होतं. दुकानदार म्हणाला हेच चांगलं, आणि त्याच्याकडे ते एकच होतं. म्हणून नातवाने ऑनलाइन मागवलं, स्टार बघून. आता तुम्ही म्हणता स्टार विकत मिळतात.

किटलीचं ठीक आहे, पाणी तापलं नाही तर कळतं. मशीन चुकीचा आकडा दाखवत असेल तर मला कसं कळणार? आणि ज्याने पाच स्टार दिले त्याला तरी कुठे कळलं होतं?

पण दुकानदार तरी कुठला धुतल्या तांदळाचा? घराला रंग काढताना रंगारी एकाच कंपनीच्या डब्यासाठी हटून बसला होता. डब्यात टोकन निघतं, ते त्याला मिळतं, हे आम्हाला काम झाल्यावर समजलं. शिफारस पैसे घेऊनच करायची ही रीत जुनीच आहे.

चादरवाला सोलापूरकर

आजी, लाख बोललात. टोकनवाल्या रंगाऱ्याला कुणी नियम सांगितला नाही. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सगळ्यांना कंपन्या कुपनं देतात. ऑनलाइन आलं की मात्र सगळे हरिश्चंद्र.

तिरकी रेघ

आजींचा मशीनचा मुद्दा माझ्या सगळ्या धाग्यापेक्षा वजनदार आहे. ज्या वस्तूची पारख विकत घेणाऱ्याला वापरूनही होत नाही, तिच्या बाबतीत स्टार आधीच कच्चे, त्यात पैसे मिसळले की संपलंच.

रंगाऱ्याचं मात्र पटत नाही. भिंतीचे पोपडे निघाले तर रंगारी गावातच सापडतो. त्याला बोलावून चार शब्द सुनावता येतात, पुढचं काम तोडता येतं. त्याला टोकन मिळतं हे चारचौघांत माहीत झालं की लोक त्याचं बोलणं तेवढंच धरतात. पाच स्टार देऊन गेलेला माणूस कोण, कुठला, त्याला काय मिळालं, काहीच दिसत नाही. मला राग लपवण्याचा आहे.

वहीखाते

मग लपवू नका म्हणा, विषय संपला. "मला पन्नास रुपये मिळाले" असं रिव्ह्यूत लिहायची सक्ती करा.

कलम कसाई

तो प्रयोग होऊन गेलाय. २०१६ च्या आधी अ‍ॅमेझॉनवर फुकट किंवा सवलतीत माल घेऊन लिहिता येत असे, फक्त तसं सांगावं लागे. "ही वस्तू मला मोफत मिळाली, पण मत प्रामाणिक आहे" या छापाच्या वाक्यांचा पूर आला. मोफतवाल्यांचे स्टार इतरांपेक्षा जास्त पडत, शेवटी बंदच करावं लागलं. उरला तो त्यांचा स्वतःचा व्हाइन कार्यक्रम. त्यात लिहिणारे कंपनी निवडते, विक्रेत्याला त्यांच्याशी बोलता येत नाही, आणि तो रिव्ह्यू व्हाइनचा आहे असा शिक्का पडतो.

चादरवाला सोलापूरकर

आणि त्यासाठी ब्रँड नोंदवा, माल फुकट द्या, वर फी भरा. म्हणजे बक्षीस देऊन लिहून घेणं चालतं, फक्त ते प्लॅटफॉर्मच्या खिडकीतून द्यायचं. हे म्हणजे बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, आतला वडा दीडशे रुपये.

पुढची गल्ली

चादरवाल्यांना माझ्याकडून पाच स्टार. फुकट.

निशाचर

सगळे कार्डावर अडकलात. कार्ड म्हणजे किरकोळ धंदा, घाऊक बाजार टेलिग्रामवर आहे. कॉलेजात असताना मी त्यात होतो म्हणून माहीत.

"मीडिएटर" लिंक टाकतो. तुम्ही स्वतःच्या पैशाने ऑर्डर करायची, पाच स्टार टाकायचे, तो रिव्ह्यू प्रसिद्ध झाला की रिफंड फॉर्म भरायचा. परतीची मुदत संपली की पैसे परत, वस्तू तुमची. काही डीलमध्ये येतो नुसता रिकामा खोका. वस्तू नाहीच, तरीही ऑर्डर खरी, पैसे खरे भरलेले, म्हणून नावापुढे "खात्रीशीर खरेदी" अशी खूण लागते. ती खूण बघून निश्चिंत होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मीडिएटर कधी कधी गायब होतो. मग तक्रार कुणाकडे करणार? तुम्हीच खोटं लिहिलेलं असतं.

आणि हीच वाट पुढे टास्क फ्रॉडकडे जाते. "गूगल मॅप्सवर हॉटेलला रेटिंग द्या, प्रत्येकी पन्नास रुपये" असा मेसेज येतो, सुरुवातीला पैसे खरंच येतात, मग "प्रीपेड टास्क"साठी हजार भरा, दहा हजार भरा. पुण्या-मुंबईत शिकलेसवरलेले लोक यात लाखो घालवून बसलेत. रेटिंग देऊन पैसे मिळतात याची सवय आधीच लागलेली असते, म्हणून मेसेज खरा वाटतो. त्यात अडकलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

सुमन आजी

अरे बापरे. मग आता मी मशीन कसं घेऊ तेवढं सांगा.

निशाचर

आजी, पाच स्टारवाले वाचूच नका. दोन आणि तीनवाले वाचा, त्यांना कुणी पैसे देत नाही. रिव्ह्यू नवे आधी अशा क्रमाने लावून बघा. एकाच आठवड्यात पन्नास जणांनी "उत्कृष्ट उत्पादन" लिहिलं असेल तर सोडून द्या. मशीन आलं की दवाखान्यात न्या, डॉक्टरांच्या मशीनशेजारी लावून आकडा ताडून बघा. जुळला नाही तर परत करा, मुदत संपायच्या आत. घेत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आळशी मांजर

डॉक्टरांच्या गूगल रिव्ह्यूंचा वेगळा धागा काढा कुणीतरी.

तिरकी रेघ

@चादरवाला, वडा आवडला. प्लॅटफॉर्मचं दुटप्पीपण मान्य. पण तुमच्या कार्डावर नक्की काय छापलंय? "पाच स्टार" हे शब्द आहेत का?

चादरवाला सोलापूरकर

आहेत. छापणाऱ्याकडे तोच नमुना तयार होता, सगळ्यांचा तोच असतो.

बरं, ऐका. पुढच्या छपाईत पाच स्टार काढतो. "धुऊन झाल्यावर कशी वाटली ते लिहा, पन्नास रुपये घ्या" एवढंच ठेवतो. तक्रारवाली ओळ पण काढतो. कार्ड मात्र काढणार नाही.

कलम कसाई

तरीही प्लॅटफॉर्मच्या नियमात बसत नाही. पकडलं तर खातं बंद होऊ शकतं.

चादरवाला सोलापूरकर

माहीत आहे साहेब. कार्ड काढलं तर खातं चालू राहील, धंदा बंद पडेल. धागाकर्ते दिवाळीच्या आधी पाच चादरी घेणार असतील तर विचार करतो.

तिरकी रेघ

दोन घेतो, डबल बेडच्या. रिव्ह्यू दोन धुण्यांनंतर. रंग गेला तर तेही लिहीन, आणि पन्नास रुपये पाठवू नका.